जेजू बेटावरील हेन्यो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोरियाच्या मुख्य भूमीच्या दक्षिणेस जेजू हे ज्वालामुखीतून घडलेले बेट आहे. तेथील हेन्यो स्त्रिया प्राणवायूच्या टाकीविना, केवळ छातीत भरून घेतलेल्या श्वासावर समुद्रात बुड्या मारून पिढ्यानपिढ्या प्रपंच चालवत आल्या आहेत. त्यांच्या छायाचित्रांखाली हल्ली ‘जलपऱ्या’ असा मथळा हमखास दिसतो. प्रत्यक्षात त्या कष्टकरी स्त्रिया आहेत आणि त्यांचे काम हा कडक शिस्तीचा व्यवसाय आहे. तो टिकावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आधी तो नीट समजून घ्यावा, या हेतूने पुढील उत्तरे लिहिली आहेत.

हेन्यो समुद्रातून नेमके काय काढतात?

सर्वांत मोलाचा माल म्हणजे अबालोन, म्हणजेच खडकाला घट्ट चिकटून राहणारा, कानाच्या आकाराच्या कवचाचा मृदुकाय प्राणी. एके काळी तो राजदरबारी कर म्हणून पाठवावा लागे. आज समुद्रात आपसूक वाढलेला अबालोन दुर्मीळ झाला आहे, त्यामुळे रोजच्या कमाईचा मुख्य आधार आहे तो ‘सोरा’ नावाचा जाड कवचाचा शंख. त्याखेरीज काटेरी सी अर्चिन, समुद्र काकडी, ऑक्टोपस आणि अनेक प्रकारचे समुद्रशेवाळ त्या काढतात. कोरियात बाळंतिणीला ‘मियोक’ या शेवाळाचे सूप देण्याची पद्धत आहे, त्यामुळे मियोकला घरोघरी मागणी असे. आपल्याकडे चायना ग्रास या नावाने मिळणारा अगार ज्या जातीच्या लाल शेवाळापासून तयार होतो, तेही जेजूच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात काढले जाते.

हेन्यो केवळ समुद्रावर जगतात असा समज मात्र करून घेऊ नये. जेजूची जमीन दगडाळ असून पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे तेथे भातशेती फारशी होत नाही. पूर्वी या स्त्रिया समुद्रावरून परतल्या की बाजरीसारख्या भरड धान्याच्या आणि सातूच्या शेतात राबत असत. आजही अनेकींची लसूण, गाजर किंवा संत्र्याची शेती आहे. भरती-ओहोटीच्या पाण्याला ओढ कमी असते अशा भांगाच्या दिवसांत समुद्र आणि उधाणाच्या दिवसांत शेत, अशी त्यांच्या महिन्याची आखणी असते.

त्या किती खोल जातात आणि किती वेळ श्वास रोखतात?

युनेस्कोच्या नोंदीनुसार हेन्यो सुमारे १० मीटर खोलीपर्यंत जातात, प्रत्येक बुडीला सुमारे मिनिटभर श्वास रोखतात, दिवसाला सात तासांपर्यंत काम करतात आणि वर्षाकाठी सुमारे ९० दिवस समुद्रात उतरतात. अनुभवी हेन्यो याहूनही खोल जातात.

विक्रमासाठी बुडी मारणाऱ्या खेळाडूंचे आकडे यापेक्षा कितीतरी मोठे असतात, म्हणून काहींना ही कामगिरी साधी वाटते. खेळाडू एका बुडीसाठी दिवसभर तयारी करतो. हेन्योला मात्र तासन्‌तास बुडीमागून बुडी मारायची असते आणि प्रत्येक बुडीत तळाशी जाऊन माल शोधायचा, तो सोडवायचा आणि वर आणायचा असतो. साठी ते ऐंशी या वयोगटातील काही हेन्योंच्या अंगावर नोंदयंत्रे लावून केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, त्यांच्या बहुतेक बुड्या मिनिटापेक्षा पुष्कळ छोट्या असतात, दोन बुड्यांमधली विश्रांती काही सेकंदांचीच असते आणि समुद्रात घालवलेल्या वेळापैकी निम्म्याहून अधिक वेळ त्या पाण्याखाली असतात. माझ्या मते थक्क व्हावे ते या सातत्यापुढे.

पाण्याबाहेर येताच त्या शिट्टीसारखा आवाज का काढतात?

या आवाजाला ‘सुम्बिसोरी’ म्हणतात. वर आल्याबरोबर छातीत कोंडलेला श्वास ओठांच्या फटीतून लांब, तीव्र सुरात सोडायचा आणि मग नवा श्वास घ्यायचा, अशी ही रीत आहे. तिच्यामुळे बुड्यांमधल्या मोजक्या सेकंदांत श्वासावर ताबा राहतो. तिचा दुसरा उपयोग सोबतिणींना होतो. लाटांमध्ये डोके दिसत नसले तरी आवाज ओळखीचा असतो, आणि एखादीची शीळ अपेक्षित वेळेत ऐकू आली नाही तर आसपासच्या जणी लगेच तिच्या दिशेने वळतात. हेन्यो सहसा एकटीने समुद्रात उतरत नाहीत, यामागे हेच कारण आहे.

त्यांची साधने कोणती?

पाण्यावर तरंगणारा गोल तरंगा म्हणजे ‘तेवाक’. तो पूर्वी वाळवलेल्या भोपळ्याचा असे, आता तो फोमचा असतो आणि दुरून दिसावा म्हणून त्यावर भडक नारिंगी कापड चढवलेले असते. दोन बुड्यांच्या मध्ये त्या याच तरंग्यावर छाती टेकून दम घेतात. त्याच्याखाली माल साठवण्याची जाळी, म्हणजे ‘मांगसारी’, लोंबत असते. कपारीतला सोरा किंवा ऑक्टोपस ओढून काढण्यासाठी लोखंडी आकडे असतात आणि शेवाळासाठी विळे असतात.

‘बिचांग’ या साधनाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. ही वीतभराहून थोडी लांब, बोथट टोकाची लोखंडी पट्टी असून तिच्या मागच्या टोकाला मनगटात अडकवायचा फास असतो. अबालोन निर्धास्त असताना त्याचे कवच खडकापासून किंचित उचललेले असते. त्याच क्षणी पट्टी फटीत सारून एका झटक्यात तो उचकटायचा असतो. हात चुकला तर अबालोन सगळा जोर लावून खडकाला चिकटतो, पट्टी त्याच्याखाली अडकते आणि फास मनगटात असल्यामुळे बाईही तिथेच अडकते. असे होऊन प्राण गमावल्याच्या घटना प्रत्येक गावाला ठाऊक असतात, म्हणून फास क्षणात निघेल असा ठेवायला नवशिकीला आधी शिकवले जाते.

१९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हेन्यो ‘मुलसोजुंगी’ हा सुती पोशाख घालत. त्याची एक बाजू बंदांनी बांधायची असल्यामुळे तो ओल्या अंगावरून सहज उतरवता येई आणि गरोदरपणात सैलही करता येई. अनेक स्त्रिया दिवस भरत आले तरी समुद्रात जात असत. नंतर रबरी पोशाख आले. रबर पाण्यावर तरंगते, त्यामुळे कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधावा लागू लागला.

आधुनिक साधने उपलब्ध असताना प्राणवायूची टाकी का वापरत नाहीत?

हेन्यो संस्कृतीचा गाभा या प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवावे लागेल. टाकी लावली तर एक जण दहा जणींचा माल एका दिवसात काढील आणि काही हंगामांत तळ ओरबाडला जाईल, हे या स्त्रियांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. श्वास संपला की वर यावेच लागते, आणि समोर दिसणारा माल तिथेच सोडून यावे लागते. शरीराची ही मर्यादा त्यांनी सर्वांसाठी नियम म्हणून स्वीकारली आहे.

तिच्या जोडीला इतर नियमही आहेत. प्रत्येक गावाची मच्छीमार सहकारी संस्था असते, तिला ‘ओचोंग्ये’ म्हणतात, आणि किनाऱ्यालगतच्या ठरावीक हद्दीत माल काढण्याचा हक्क या संस्थेकडे असतो. हेन्यो तिच्या सभासद असतात. सोऱ्याच्या विणीच्या काळात, उन्हाळ्यात, तो काढण्यास बंदी असते. सात सेंटिमीटरपेक्षा लहान सोरा हाती आला तरी परत टाकावा लागतो. किती दिवस समुद्र उघडायचा आणि कोणता भाग विश्रांतीसाठी बंद ठेवायचा, याचे निर्णय बैठकीत होतात. खडकांवर वाढलेले निरुपयोगी शेवाळ खरवडून उपयुक्त शेवाळासाठी जागा मोकळी करणे आणि अबालोनची पिल्ले समुद्रात सोडणे ही कामेही त्या मिळून करतात. शेतकरी बांधबंदिस्ती करतो, तशीच ही त्यांची समुद्राची मशागत आहे.

रबरी पोशाखाची गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुती कपड्यांत थंडीमुळे तासाभरात बाहेर यावे लागे, पण रबरी पोशाखात चार-पाच तास राहता येऊ लागले. उत्पन्न वाढले, त्याबरोबर समुद्रावरचा भार वाढला आणि शरीराचे दुखणेही वाढले. थंडीने घातलेली जुनी मर्यादा गेल्यावर गावांना दिवसांच्या आणि तासांच्या नव्या मर्यादा स्वतः ठरवाव्या लागल्या.

हे काम स्त्रियांकडेच कसे आले?

सतराव्या शतकातील नोंदींवरून असे दिसते की, तेव्हा पुरुषही बुडी मारत असत आणि अबालोन काढण्याचे काम मुख्यतः त्यांच्याकडे होते. दरबारी कराचा बोजा असह्य झाल्यामुळे अनेक पुरुष बेट सोडून पळून गेले, काही समुद्रात बुडाले आणि कर मात्र तसाच राहिला. शेवाळ काढणाऱ्या स्त्रियांवर तो भार येऊन पडला. लोकसंख्या घटू लागल्यावर राज्यसत्तेने १६२९ पासून सुमारे दोनशे वर्षे बेट सोडून जाण्यासच बंदी घातली. स्त्रियांच्या शरीरातील चरबीमुळे त्या थंडी अधिक सोसतात, असेही कारण सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु एवढ्यावर थांबले तर कराच्या जुलमाचा इतिहास झाकला जातो.

मग जेजूचा समाज मातृसत्ताक होता का?

हा दावा वारंवार केला जातो, पण तो जसाच्या तसा मान्य करता येत नाही. हेन्यो घर चालवत होत्या, मुलांना शिकवत होत्या आणि अनेकदा जमीनही त्यांच्याच कमाईतून घेतली जात होती. मुलगी झाली की डुक्कर कापून मेजवानी करावी, अशा अर्थाची म्हणही जेजूमध्ये आहे. तरीही पितरांचे विधी, वारसा आणि गावकीतले अधिकार पुरुषांकडेच राहिले. कमावणारा हात बाईचा आणि निर्णयाचा शिक्का पुरुषाचा, ही स्थिती आपल्या वाचकांना अपरिचित वाटू नये. हेन्योंनी जिथे स्वतःचे राज्य निर्माण केले ती जागा म्हणजे समुद्र आणि ‘बुल्तोक’.

‘बुल्तोक’ म्हणजे काय?

काळ्या ज्वालामुखी दगडांनी रचलेले, वर छप्पर नसलेले, मधोमध शेकोटी असलेले किनाऱ्यावरचे कुंपण म्हणजे बुल्तोक. समुद्रात उतरण्यापूर्वी कपडे बदलणे, बाहेर आल्यावर शेकणे, तान्ह्या मुलांना पाजणे, माल निवडणे आणि गावच्या हद्दीबद्दलचे निर्णय घेणे, हे सगळे तिथेच होई. बसण्याच्या जागाही ठरलेल्या असत. वाऱ्याच्या बाजूला, जिथे धूर येत नाही, तिथे सर्वांत कुशल हेन्यो बसत आणि धूर ज्या बाजूला जाई तिथे शिकाऊ मुली.

कौशल्यानुसार हेन्योंच्या तीन श्रेणी असतात, सांगगुन, जुंगगुन आणि हागुन. सांगगुन सर्वांत खोल जातात, आणि त्यांच्यातील सर्वांत जाणती बाई वारा, लाट आणि ढग पाहून आज समुद्रात उतरायचे की नाही हे ठरवते. तिचा शब्द अखेरचा असतो. मुली सात-आठ वर्षांच्या असताना उथळ पाण्यात खेळता खेळता शिकत आणि पंधरा-सोळाव्या वर्षी कामाला लागत. कुठल्या खडकाखाली काय असते, वारा कोणत्या दिशेने फिरला की प्रवाह कसा वळतो, हे ज्ञान बुल्तोकमधल्या बोलण्यातून पुढे जाई. आज बहुतेक गावांत गरम पाण्याची सोय असलेली पक्की कपडेघरे आहेत आणि वृद्ध स्त्रियांच्या दृष्टीने ती सोय आवश्यकच होती. बैठक मात्र तिथेही भरते.

वयोवृद्ध हेन्योंसाठी किनाऱ्याजवळचा उथळ भाग राखून ठेवण्याची प्रथा काही गावांत आहे. त्याला ‘हालमांग बादांग’, म्हणजे आजीचा समुद्र, म्हणतात. तरुण आणि सक्षम बायकांनी तिथे माल काढायचा नसतो. ओन्प्योंग-री गावाने तर समुद्राचा एक भाग शाळेसाठी बाजूला काढला आणि १९५० च्या दशकात तिथल्या मियोकच्या विक्रीतून शाळेच्या वर्गखोल्या उभारल्या. म्हातारपण आणि शिक्षण या दोहोंची तरतूद त्यांनी समुद्राच्या वाटणीतूनच केली होती.

जपानी राजवटीविरुद्ध हेन्योंनी आंदोलन केले होते, हे खरे आहे का?

होय, आणि ते कोरियातील स्त्रियांच्या सर्वांत मोठ्या जपानविरोधी आंदोलनांपैकी एक होते. कोरिया १९१० ते १९४५ या काळात जपानच्या ताब्यात होता. हेन्योंच्या हितासाठी म्हणून स्थापन झालेल्या संघावर जपानी अधिकाऱ्यांचे नियंत्रण आले, आणि ठरलेल्या व्यापाऱ्यांना पडत्या भावाने माल देण्याची सक्ती होऊ लागली. रात्रशाळेत लिहा-वाचायला शिकलेल्या हादो गावच्या तरुण हेन्यो पुढे झाल्या. जानेवारी १९३२ मध्ये सेह्वा येथे दर पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजाराच्या दिवशी, पाण्याखाली घालायचे चष्मे डोक्यावर चढवून आणि हातात विळे व बिचांग घेऊन शेकडो स्त्रियांनी बेटाच्या जपानी प्रमुखाची गाडी अडवली. बू चुन-ह्वा, किम ओक-र्योन आणि बू दोक-र्यांग ही त्यांच्या नेत्यांची नावे आजही आदराने घेतली जातात. त्यांना तुरुंगवास झाला. त्या मोसमातील निदर्शनांमध्ये मिळून सुमारे १७,००० जणींचा सहभाग होता असे मानले जाते.

त्यांचे शरीर इतरांपेक्षा वेगळे असते का?

काही अंशी सरावाने आणि काही अंशी वारशाने, असे आजचे उत्तर आहे. चेहरा थंड पाण्यात गेला की प्रत्येक माणसाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. हेन्योंमध्ये ही क्रिया आयुष्यभराच्या सरावामुळे अधिक ठळक झालेली असते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेजूच्या हेन्यो, जेजूच्याच बुडी न मारणाऱ्या स्त्रिया आणि सोल शहरातील स्त्रिया यांची तुलना करण्यात आली. ठोके मंदावण्याचे प्रमाण हेन्योंमध्येच जास्त आढळले, म्हणजे ते सरावाचे फळ होते. त्याच वेळी बुडीदरम्यान वाढणाऱ्या रक्तदाबाशी आणि थंडी सोसण्याशी निगडित असे जनुकीय फरक जेजूच्या दोन्ही गटांतील स्त्रियांमध्ये दिसले.

त्याआधी, १९६० च्या दशकात, शरीरशास्त्रज्ञ होंग सुक-की यांनी सुती कपड्यांत काम करणाऱ्या कोरियन पाणबुड्या स्त्रियांचा अभ्यास केला होता. हिवाळ्यात समुद्राचे पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास असे आणि त्या काळात त्यांच्या शरीराच्या मूळ चयापचयाचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला असे. रबरी पोशाख रूढ झाल्यावर काही वर्षांतच ही खास सहनशक्ती नाहीशी झाल्याचेही त्याच परंपरेतील पुढच्या संशोधनात आढळले.

या कामात धोके कोणते?

‘परलोकात कमवायचे आणि इहलोकात खर्च करायचे’ अशी म्हण हेन्योंमध्येच प्रचलित आहे. सर्वांत मोठा धोका मोहाचा असतो. वर येण्याची वेळ झालेली असताना मोठा अबालोन दिसतो, बाई परत खाली वळते आणि श्वास पुरत नाही. पाण्यात नकळत घेतल्या जाणाऱ्या या श्वासाला ‘मुलसुम’ म्हणतात, आणि त्यापासून दूर राहण्याची ताकीद प्रत्येक आई मुलीला देते. त्याशिवाय पाण्याच्या दाबामुळे कानाचे विकार, सततची डोकेदुखी, सांधेदुखी हे नित्याचे आहे. अनेक हेन्यो समुद्रात उतरण्यापूर्वी डोकेदुखीची पूड घेतात. अलीकडच्या काळात समुद्रात दगावणाऱ्यांमध्ये वयोवृद्ध स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, आणि वय झाले तरी काम थांबवता न येणे ही यामागची खरी अडचण आहे.

त्यांचे देव आणि विधी कोणते?

वाऱ्याची देवी यॉंगदुंग आणि समुद्राचा नागराज योंगवांग यांना प्रसन्न करण्यासाठी चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात विधी होतात. देवी समुद्रात शंख-शेवाळाचे बी पेरून जाते अशी श्रद्धा आहे. जेजू शहरातील चिलमोरीदांग येथील यॉंगदुंगगुत हा विधी युनेस्कोच्या यादीत २००९ मध्येच समाविष्ट झाला. विधीच्या वेळी समुद्रात मरण पावलेल्या सोबतिणींचेही स्मरण केले जाते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या कोळी समाजाला ही भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

हेन्योंची संख्या इतकी का घटली?

१९६० च्या दशकाच्या मध्यात जेजूमध्ये काम करणाऱ्या सुमारे २३,००० हेन्यो होत्या. २०२३ च्या अखेरीस ही संख्या २,८३९ वर आली. उरलेल्या दर दहा जणींपैकी सुमारे नऊ जणी साठीच्या पुढच्या आहेत. पहिली मोठी घट १९७० पूर्वीच सुरू झाली होती, कारण संत्र्याच्या बागा आणि पुढे पर्यटन यांतून कोरड्या जमिनीवर कमाई होऊ लागली. मुलींना शाळा-महाविद्यालयांची दारे खुली झाली. त्यांना शिकवण्याचे पैसे आयांनी समुद्रातूनच आणले, आणि ‘तू मात्र पाण्यात उतरू नकोस’ असे त्यांनीच मुलींना बजावले. या निर्णयाला परंपरेचा ऱ्हास म्हणून दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या कामात जीव जातो, त्यातून लेकीला सोडवावे असे कोणत्या आईला वाटणार नाही?

जतनासाठी आजवर काय झाले आहे?

२००६ मध्ये बेटाच्या पूर्व भागातील गुजवा परिसरात हेन्यो संग्रहालय सुरू झाले. २०१६ मध्ये जेजूच्या हेन्यो संस्कृतीची युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, त्याच्या पुढच्या वर्षी कोरियन सरकारने तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात हेन्योंच्या मासेमारी पद्धतीचा समावेश केला. वैद्यकीय खर्चात साहाय्य, ज्येष्ठ हेन्योंना भत्ता, समुद्रातून निवृत्त होणाऱ्यांना ठरावीक काळ मासिक मदत आणि तरुण नवोदितांना सुरुवातीची काही वर्षे आधार, अशा प्रांतिक सरकारच्या योजना आहेत.

मानसन्मान मिळाले याचा आनंद आहेच. परंतु यादीतील नोंदीमुळे सोऱ्याला भाव मिळत नाही आणि ओसाड झालेल्या खडकावर शेवाळही उगवत नाही. यांतील सर्वांत महत्त्वाची मला निवृत्तीची मदत वाटते, कारण तिच्यामुळे पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला लाटेत उतरणे सक्तीचे राहत नाही. जोवर गावाची हद्द गावाकडे आहे, तिथे माल आहे आणि त्यावर एका तरुण स्त्रीचे घर चालू शकते, तोवरच हेन्यो हा व्यवसाय राहील. यांतले एक जरी निखळले, तर पर्यटकांसाठीचे प्रात्यक्षिक तेवढे उरेल.

बाहेरच्या व्यक्तीला हेन्यो होता येते का?

येते, पण सहजासहजी येत नाही. हालिम भागातील हान्सुपुल हेन्यो शाळा २००८ पासून प्रशिक्षण देते, आणि सोगविपो शहराजवळ बोपह्वान येथेही अशी शाळा आहे. तिथे मुख्य भूमीवरून आलेल्या शहरी स्त्रियाही शिकतात. शिक्षण पूर्ण झाले तरी समुद्रात माल काढण्याचा हक्क मिळत नाही, त्यासाठी गावच्या ओचोंग्येचे सभासद व्हावे लागते. गावात वास्तव्य, शुल्क, ठरावीक दिवस काम आणि जुन्या सभासदांची संमती अशा अटी असतात. आधीच कमी झालेल्या मालात आणखी वाटेकरी नकोत असे काही वृद्ध स्त्रियांना वाटते, तर काही गावांना आता शिकवायला माणूसच उरणार नाही याची चिंता आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि प्रत्येक गाव आपापल्या परीने मार्ग काढत आहे.

समुद्रात काय बदल होत आहेत?

जेजूभोवतीचे पाणी तापत आहे. थंड पाण्यात वाढणारे मोठे शेवाळ विरळ होते आणि त्याच्या जागी खडकांवर चुनखडीसारखा पांढरा थर पसरतो. शेवाळ गेले की त्यावर जगणारे अबालोन आणि सोरा उपाशी राहतात, सी अर्चिनही आतून रिकामे निघतात. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानने फुकुशिमा अणुवीज प्रकल्पातील प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडण्यास सुरुवात केली, तेव्हा ग्राहक समुद्री माल घेणे थांबवतील या भीतीने हेन्योही निषेधात उतरल्या होत्या.

जपानच्या ‘आमा’ आणि हेन्यो यांत काय फरक आहे?

आमा म्हणजे जपानमधील अशाच श्वास रोखून बुडी मारणाऱ्या स्त्रिया. दोन्ही परंपरा जुन्या आहेत आणि त्यांची बुडीची रीत बरीचशी सारखी आहे. आमांची सर्वांत मोठी वस्ती मिए प्रांतातील तोबा आणि शिमा येथे आहे. काही आमा किनाऱ्यावरून पोहत जातात, तर काही नावेतून जाऊन वजनाच्या आधारे वेगाने खाली उतरतात, आणि नावेतला जोडीदार, बहुधा नवरा, दोरीने त्यांना वर ओढतो. हेन्यो मात्र स्वतःच्या बळावर वर येतात. आमांची संख्याही झपाट्याने घटत आहे. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात वाजिमा परिसरातील समुद्रतळ वर उचलला गेल्याने तेथील आमांचे काम ठप्प झाले होते.

भारतात अशी परंपरा आहे का?

आहे, आणि तिची दखल आपण फारशी घेतलेली नाही. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, पांबन आणि रामेश्वरमच्या आसपासच्या गावांतील मच्छीमार स्त्रिया मन्नारच्या आखातात श्वास रोखून बुडी मारतात आणि शेवाळ काढतात. डोळ्यांवर साधा चष्मा, बोटांना चिंध्यांची पट्टी आणि पायांत धातूचा पत्रा बांधून केलेले वल्हे, एवढ्या साहित्यावर त्यांचे काम चालते. १९८६ मध्ये तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यानंतर त्यांच्या पारंपरिक जागांवर निर्बंध आले. त्यावर या स्त्रियांनी संघटना बांधली, महिन्यातून १२ दिवसच शेवाळ काढण्याची मर्यादा स्वतःवर घालून घेतली आणि आपला हक्क मागितला. चिन्नपालम गावच्या लक्ष्मी मूर्ती यांना या कामासाठी २०१५ मध्ये बेटांवरील निसर्गरक्षणासाठी दिला जाणारा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला.

कोकणातील बायका ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या आणि कालवे काढतात. त्या बुडी मारत नाहीत, त्यामुळे ही परंपरा वेगळी मानावी लागेल.

जेजूला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी काय लक्षात ठेवावे?

संग्रहालय आधी पाहावे, म्हणजे पुढे जे दिसेल ते समजते. सोंगसान इलचुलबोंग या ज्वालामुखी टेकडीच्या पायथ्याशी हेन्योंचे प्रात्यक्षिक होते. ते पाहण्यात काही गैर नाही, कारण ते पैसे त्यांनाच उपयोगी पडतात. इतर किनाऱ्यांवर मात्र त्या कामावर असतात, म्हणून कपडे बदलण्याच्या जागेजवळ घुटमळू नये आणि न विचारता छायाचित्रे काढू नयेत. अनेक गावांत हेन्यो स्वतःच छोटी भोजनालये चालवतात, तिथे खाल्ल्यास मधले दलाल टळतात. खडकांवर दिसणारा शंख किंवा शेवाळ मजा म्हणून उचलू नये. तो गावच्या हद्दीतला माल असतो, आणि रात्री बॅटरी घेऊन तो गोळा करणाऱ्या बाहेरच्या लोकांशी हेन्योंचे वाद झालेले आहेत.